वरची एक

गफूर मणियाराला कबड्डीतलं किती कळतं, हे जुन्नरच्या बाजारात कुणालाही विचारा. निम्मे सांगतील, त्याच्याएवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही. उरलेले निम्मे सांगतील, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि राव, दोघंही खोटं बोलत नाहीत. बाकीची दुनिया कबड्डी बघते ती पायांकडं आणि हा बाबा बघतो हातांकडं, म्हणून ही सगळी भानगड.

धंदाच तसा पडला. आजा बांगड्या विकायचा, बाप बांगड्या विकायचा, गफूरनं साठी ओलांडली तरी मोपेडच्या मागं काचेच्या बांगड्यांची पेटी आवळून तो आठवडी बाजार करत फिरतो. जुन्नर, घोडेगाव, मंचर, आणि कुणाकडं लग्न-बारसं निघालं की निरगुडसर, अवसरी, बोलावतील तिथं. मुलगा झीशान मोबाइलची कव्हरं विकतो. “मी मनगटं सजवली, ह्यो फोन सजवतोय, काम तेच,” असं गफूर म्हणतो. बायका त्याला गफूरमामा म्हणतात. ज्यांना त्यानं लग्नाचा चुडा भरला त्यांचा तो मामा, त्यांच्या पोरींचाही मामाच. नातं कसं लागतं ते बघायला कुणी बसत नाही.

त्याच्या काही सवयी आधी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. बांगडी भरताना तो बाईचा हात कधी ओढत नाही. सासूची चौकशी करतो, म्हशीची चौकशी करतो, बोलता बोलता हात सैल पडला की बांगडी सर्रकन वर. एखादी तडकलीच तर ‘फुटली’ हा शब्द तोंडातून निघायचा नाही, ‘वाढली’ म्हणायचं. हे आपल्याकडं सगळ्याच बायका पाळतात, पण गफूर इतका पक्का की घरात कपबशी फुटली तरी तो ‘वाढली’ म्हणतो. आणि दोन्ही हात भरून झाले की एक बांगडी वरून, फुकट. “वरची एक गिऱ्हाइकाची, मणियाराची न्हाई,” असं म्हणून ती डाव्या हातात सरकवायची. कितीही घासाघीस झालेली असो, वरची एक चुकत नाही.

आता कबड्डीचं. तरणेपणी गफूर स्वतः खेळायचा, आणि दर चढाईत पकडला जायचा. त्याचं मनगट जाड, हात ताठ. एकदा धरला की धरलाच. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक सिद्धांत शिरला तो काही निघाला नाही. ज्या हातात लहान मापाची बांगडी जाते, तो हात कुणाच्या बापाला धरता येत नाही. अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली की असला हात माशासारखा सटकतो. चढाई करणारी पोरगी निवडायची तर तिचा हात बघा, बाकी सगळं झूट.

दोन वर्षांपूर्वी आंबेगाव-जुन्नरच्या मुलींची कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा जुन्नर संघाची निवड कुणी करायची असा प्रश्न आला. गावोगावच्या पोरी माहीत असलेला, त्यांच्या घरात चहा मिळणारा आणि ‘पोरीला खेळू द्या की’ म्हणून बापाला गळ घालू शकणारा माणूस एकच होता. लीगचे कर्तेधर्ते बाळासाहेब घोडेगावचे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार. त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं, “आपल्याकडं बोली लागनार न्हाई. पोरी हायत, बैलं न्हाईत. एकेका संघानं चिठ्ठीच्या नंबरानं उठायचं आन् एकेक नाव घ्यायचं. ह्याला ड्राफ्ट म्हन्त्यात.” लोकांनी त्याचं लगेच ‘ड्राफ’ केलं आणि पुढं ‘डराफ’.

पहिल्या वर्षी गफूरनं सिद्धांताप्रमाणं एक नाजूक हाताची पोरगी पहिली उचलली. तिचा हात सटकायचा हे खरंच, पण गर्दी बघून तीच मैदानातून सटकली. दुसऱ्या वर्षीची पोरगी चढाईला गेली की प्रतिस्पर्ध्यांना ‘सॉरी’ म्हणायची. जुन्नर दोन्ही वर्षं तळाला. संघाच्या कोच उज्ज्वलाबाई, शाळेत खेळ शिकवणाऱ्या, भल्या बाई, त्यांनी चिडून एवढंच म्हटलं, “मामा, यंदा हातासोबत थोडं काळीजपण बघा.” संघाच्या कमिटीनं मात्र स्पष्ट सांगितलं, की यंदा चुकलात तर पुढच्या वर्षी निवडीला दुसरा माणूस.

गफूरला त्याचं काही वाटलं नाही, कारण यंदा त्याच्या मनात वृषाली होती.

निरगुडसरची वृषाली. तिच्या पाळण्यातल्या मनगट्या गफूरनं बांधल्या होत्या. शेलाटी, उंच, हात एवढा लांब की मधल्या रेषेजवळ उभी राहून कोपऱ्यातल्या पोरीला शिवून येईल असं वाटावं. पण गफूर हरखला होता तो वेगळ्याच गोष्टीवर. एवढ्या लांब हाताला बांगडी लागायची दोन-चार मापाची, शाळकरी पोरीची! असला हात त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि काळीज म्हणाल तर गेल्या वर्षी शाळेच्या सामन्यात दोघींनी धरलेली असताना ही हसत रेषेवर आली होती.

चढाईच्या पोरी यंदा तीनच नावाजलेल्या होत्या. एक वृषाली. दुसरी अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग शिकणारी आरोही, विजेसारखी चपळ, समोरच्या पोरी कुठं उभ्या राहणार हे आधीच ओळखणारी. पण अंगानं हलकी, एकदा घेरली की संपली. तिसरी घोडेगावच्या वरच्या डोंगरातली जया. बुटकी, रुंद, दम मात्र असा की ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तिला भीमाशंकरला पाठवावं. जयाच्या हाताबद्दल गफूरचं मत फार वाईट होतं. घोडेगावच्या बाजारात तिची आई दरवर्षी तिला आणायची आणि दरवर्षी गफूरच्या बांगड्या वाढायच्या. मोठ्यात मोठं माप आणलं तरी अंगठ्याच्या बुडाशी येऊन अडायचं. “हात न्हाई गं पोरी, उखळ हाय,” असं तो एकदा बोलून गेला होता आणि जयानं ते लक्षात ठेवलं होतं.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर अवसरीला, दुसरा घोडेगावला, तिसरा जुन्नरला, चौथा मंचरला. गफूरचं तोंड कडू झालं. अवसरीची निवड करायचा गेणभाऊ, बाजारात त्याच्या शेजारी बियाणं विकणारा, आणि गेणभाऊ काही डोळे मिटून बसणारा माणूस नव्हता. वृषाली पहिलीच जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

त्यात यंदा आणखी एक गोष्ट होती. पुण्याच्या एका अकादमीनं कळवलं होतं की ड्राफ्टमध्ये पहिली उचलली जाईल त्या मुलीला वर्षभर तिथं शिकायला ठेवू, राहणं-खाणं त्यांच्याकडं. वृषालीनं गफूरला स्वतः सांगितलं होतं, डोळे असे लकाकत होते पोरीचे. “मामा, मी पयली गेले तर आप्पा न्हाई म्हननार न्हाईत. पुन्याला जाईन मी!” गफूर तोंडभरून हसला होता आणि मनात म्हणाला होता, या अल्ला, पहिली गेली तर मला कशी मिळायची?

ड्राफ्टच्या आधी निरगुडसरहून निरोप आला. वृषालीच्या वहिनीचं, म्हणजे तिच्या आईच्या, चिमाबाईच्या थोरल्या सुनेचं डोहाळजेवण, मामांनी हिरव्या बांगड्या घेऊन यावं. गफूर खुशीत गेला. ओसरीवर फुलांनी सजवलेला झोका, त्यात वहिनी, भोवती बायकांचा कालवा. त्यानं वहिनीचे हात भरले, चिमाबाईचे भरले, जमलेल्या बायकांचे भरले, आणि वृषाली समोर आली तशी त्याची जुनी खोड उसळली. यंदा हात तसाच आहे का बघावं! त्यानं दोन-चारची हिरवी बांगडी लावली, सर्रकन गेली. पेटीच्या तळाशी एक दोन-दोनची होती, लहान पोरींची. तीही लावून बघितली.

गेली! बायकांनी टाळ्या पिटल्या. गफूरच्या अंगात आलं, मग त्यानं एकामागून एक चढवतच नेल्या, कोपरापर्यंत. “मामा, नंदेचा चुडाच भरला की हो!” म्हणून वहिनी खिदळली. वृषाली दोन्ही हात वर करून झोक्यापुढं नाचली. कुणीतरी फोटो काढला. हिरव्यागार हातांची वृषाली आणि बाजूला पेटी घेऊन बसलेला, पुरस्कार मिळाल्यासारखा हसणारा गफूर. फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला.

पुढच्या घोडेगावच्या बाजारात गेणभाऊ बियाण्याच्या पिशव्या मांडायच्या आधी गफूरकडं आला.

“गफूरभाई, वंगाळ झालं राव.”

“काय झालं?”

“वृषालीचं लगीन ठरलं न्हवं! आन् मला इचारतोस काय झालं? तूच चुडा भरलास. फोटो बघितला की आमी.” गेणभाऊनं कपाळावर हात मारला. “आमची कमिटी म्हनती, सासरी गेल्यावर कोन खेळू देतंय? आता आरोहीवरच समाधान. घोडेगाववाले बी वृषालीला घेनार न्हाईत म्हन्त्यात, ते जयाचं बघत्यात.”

गफूरनं तोंड उघडलं. ‘अरे येड्या, ते डोहाळजेवण होतं,’ एवढंच वाक्य होतं, जिभेवर आलेलं होतं. आणि तिथंच त्याला गणित दिसलं. अवसरी आरोहीला घेणार, घोडेगाव जयाला घेणार, तिसरा नंबर आपला. वृषाली आपोआप झोळीत!

“चुडा भरला खरा,” तो म्हणाला आणि बांगड्या पुसायला लागला.

आता यात खोटं काय होतं सांगा? एक अक्षर खोटं नव्हतं. गफूरनं दिवसभर स्वतःला हेच समजावलं. त्या दिवशी त्यानं बाजारात दोघीतिघींना वरच्या दोन-दोन बांगड्या दिल्या, आणि घरी येताना मोपेडवर गाणं म्हणत आला.

त्याची बायको अमिरुन्निसा पेटीतला माल आवरत होती. गाणं ऐकून तिनं मान वर केली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, नवरा गायला लागला की काहीतरी लपवतोय हे तिला ठाऊक होतं.

“अजी, काय झालं?”

गफूरनं सांगितलं. आधी फुशारकीनं, मग जरा हळू, कारण ऐकता ऐकता अमिरुन्निसाचा चेहरा बदलत चालला होता.

“म्हंजे पोरीचं लगीन ठरलं असं समद्या तालुक्याला वाटतंय, आन् तिला पत्ता न्हाई?”

“ड्राफ झाला की सांगतो ना मी. दोन दिवसांचा तर प्रश्न.”

“आन् ती पुन्याची अकादमी? तिसऱ्या नंबरच्या पोरीला नेतील?”

गफूर पेटीचा पट्टा उगाच आवळायला लागला.

“तुमी कधी कुनाचा हात वढून बांगडी भरलीय?” तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती चूल, म्हणजे गॅस, पेटवायला उठून गेली. त्या रात्री जेवणात मीठ जास्त पडलं होतं. गफूरनं मुकाट्यानं खाल्लं.

ड्राफ्ट घोडेगावच्या मंगल कार्यालयात ठेवला होता. लग्नाचाच हॉल, त्यामुळं मागं ‘शुभविवाह’ची थर्मोकोलची अक्षरं तशीच राहिलेली. बाळासाहेबांनी त्यावर लीगचा फलक टांगला होता, पण ‘विवाह’ खालून दिसतच होतं. पोरी एका बाजूला रांगेत बसलेल्या, ट्रॅकसूट घालून. संघवाले समोर टेबलांवर. गफूर उज्ज्वलाबाईंच्या शेजारी बसला. सकाळपासून तो मनात घोकत होता, ड्राफ संपला की लगेच सांगू, ड्राफ संपला की लगेच सांगू.

तेवढ्यात वृषाली उठून त्याच्याकडं आली. नेहमीचं हसू नव्हतं.

“मामा, एक इचारू? मला सगळी ‘अभिनंदन’ का म्हनत्यात? काल आत्याचा फोन आला, पोरगा काय करतो म्हनून. आई रडतीय, कुनी उठवलं म्हनून.” तिनं आवाज खाली घेतला. “आन् मंचरच्या बाई म्हनाल्या, तुला घेऊन काय फायदा. मामा, मला कोनीच घेनार न्हाई का?”

गफूरनं तिच्याकडं बघितलं. ती दोन्ही हात एकमेकांत गुंतवून उभी होती, तेच लांबसडक हात. त्यातली हिरवी काकणं तिनं उतरवून ठेवली होती, पण दोन-दोनची ती एक बांगडी आत गेली ती बाहेर यायचं नाव घेत नव्हती, म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. ती बांगडी बघून गफूरला स्वतःची लाज वाटली. अगदी कानशिलं तापली.

“जा, बस जाग्यावर,” तो कसाबसा म्हणाला.

बाळासाहेबांनी माइक ठोकला. “तर मंडळी, पयला मान अवसरीचा. गेणभाऊ, बोला.”

गेणभाऊ उठला, टोपी नीट केली. “आमचा संघ पयली पसंती देतोय, आ—”

“थांब!”

सगळ्या हॉलनं मागं वळून बघितलं. गफूर उभा राहिला होता. खुर्ची मागं उलटली होती.

“थांब गेणभाऊ. वृषालीचं लगीन ठरल्यालं न्हाई. त्यो चुडा लग्नाचा नव्हता.”

“मग कशाचा व्हता?”

सगळे गफूरकडं बघतायत. तो जोरात ओरडला, “सातव्या महिन्याचा व्हता!”

उज्ज्वलाबाईंनी डोक्याला हात लावला. बाळासाहेबांच्या हातातला माइक कुईं करून ओरडला. मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, “आगं बया!”

“अवं तिचा न्हाई!” गफूर दोन्ही हात हलवायला लागला. “तिच्या वहिनीचा! वहिनीचं डोहाळजेवण! पोरीचा हात बघावा म्हनून मीच हौसेनं भरल्या, म्या गाढवानं! तिच्या हातात दोन-दोनची बांगडी जाती, दोन-दोनची! बघा अजून अडकलीय!”

पहिलं कोण हसलं ते कळलं नाही. बहुतेक वृषालीच, कारण ती तोंड ओंजळीत झाकून गदागदा हलत होती. मग पोरींची सगळी रांग फुटली, मग टेबलं, मग बाळासाहेब माइकमध्येच हसले आणि ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. गेणभाऊ तेवढा हसत नव्हता. तो गफूरकडं टक लावून बघत होता.

“बाजारात का न्हाई बोललास?”

“मला पायजे व्हती ती,” गफूर म्हणाला. “तुमी सोडली असती तर माझ्याकडं आली असती.”

“मग आता का बोलतोस, येड्या?”

“तिला पयली जायचंय.”

गेणभाऊनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “लई इपितर मानूस हायस गफूरभाई,” तो म्हणाला आणि माइककडं वळला. “अवसरीची पयली पसंती, निरगुडसरची वृषाली!”

पोरगी उडालीच. बाकीच्या पोरींनी तिला उचलून धरलं. तिची आई मागून धावत आली, कुणाला मिठी मारावी कळेना म्हणून तिनं बाळासाहेबांच्या बायकोलाच मारली. गफूर उलटी खुर्ची सरळ करून बसला. त्याला वाईट वाटत होतं आणि छाती मात्र हलकी झाली होती, दोन्ही एकदम.

मोकळी झालेली आरोही घोडेगाववाल्यांनी झटक्यात उचलली. आता जुन्नरची पाळी. उरली होती जया.

“घ्या, मामा,” उज्ज्वलाबाई कुजबुजल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “मला पहिल्यापासून हीच पाहिजे होती.”

“आता सांगताय?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

गफूरनं जयाचं नाव घेतलं. ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले, धप्प करून. “मामा, उखळ घेतलंत,” ती म्हणाली. गफूरला जागच्या जागी विरघळून जावंसं वाटलं.

आणि मग लीग सुरू झाली, आणि त्या उखळानं जुन्नरचं नाव काढलं. जयाचा हात सटकत नव्हता हे खरंच. तिला धरायचे, दोघी धरायच्या, तिघी धरायच्या. आणि ती ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, दम न तोडता, त्या तिघींना ओढत मधल्या रेषेवर घेऊन यायची. तिघी बाद! पहिल्या सामन्यात हे बघून गफूरनं उज्ज्वलाबाईंना विचारलं, “ही सटकत का न्हाई?”

“कशाला सटकेल? ती घेऊनच येते ना!”

मंचरच्या सामन्याला मैदानाबाहेरून एका टवाळानं जुन्नरच्या पोरींना ओरडून विचारलं, “बांगड्या भरल्यात का हातात?” गफूर उठून त्याच्यापाशी गेला. “भरल्यात,” तो म्हणाला. “म्याच भरल्यात. सामन्यापुरत्या काढून ठेवल्यात, ह्या बघ माझ्या खिशात. तुला घालायच्यात का? माप सांग.” तो टवाळ उरलेला सामना दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

उपान्त्य सामना जिंकून जुन्नर पहिल्यांदा फायनलला गेलं, त्या आठवड्यात गफूर कुठं कुठं फोन करत होता. शेवटी मालाच्या खोक्यातून एक डझन आला, दोन-बाराच्या, लाल काचेच्या. एवढं माप लागतं कुणाला म्हणून कुणी ठेवतच नाही. त्यानं जयाला पेटीपुढं बसवलं, तिच्या डोंगरातल्या घराची, शेळ्यांची चौकशी केली, आणि बोलता बोलता बांगडी अंगठ्याच्या बुडाशी न अडता वर गेली. जया हाताकडं बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात काच किणकिणली होती.

“उखळ म्हनालो त्याची माफी,” गफूर म्हणाला.

“माफी नको. वरची एक द्या,” जया म्हणाली. दिली.

फायनल घोडेगावलाच. जुन्नर विरुद्ध अवसरी, म्हणजे जया विरुद्ध वृषाली. गर्दी अशी की लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभे. अमिरुन्निसासुद्धा आली होती, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन. सामन्याआधी जयानं लाल बांगड्या अलगद उतरवल्या आणि गफूरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. “जपा हां, मामा.”

“जिवापाड,” गफूर म्हणाला आणि खिशावर हात ठेवून बसला.

काय सामना झाला राव! जयानं अवसरीच्या दोघींना ओढून आणलं. वृषालीनं जुन्नरच्या तीन पोरींच्या मधून असा हात काढला की त्या तिघी एकमेकींनाच धरून बसल्या. गुण कधी इकडं, कधी तिकडं. शेवटी दोन्ही बाजू सारख्या, आणि शेवटची चढाई वृषालीची. समोर जुन्नरच्या साती पोरी उभ्या. पकडली तर जुन्नर जिंकणार.

वृषाली आत शिरली. डावीकडं झुकली, साऱ्याजणी डावीकडं सरकल्या. तिनं कुणाला शिवलंच नाही. कुणाला वाटलं पोरगी घाबरली. आणि मग तिनं एक पाय मागच्या बोनसच्या रेषेपलीकडं अलगद टेकवला, दुसरा अधांतरी, डुलली, आणि जयानं झडप घातली तोवर हात तिच्या बोटांना न लागता सुळकन निसटलेला. रेषा गाठली. पंचांनी अंगठा वर केला. बोनस. कुणाला न शिवता, वरचा एक गुण. अवसरी जिंकली.

“सटकला!” गफूर खुर्चीवर चढला होता. “बघितला का हात? सटकला! वा गं माझी वाघीण!” त्यानं दोन्ही हातांनी छाती बडवली, उडी मारली, उतरताना गेणभाऊच्या गळ्यात पडला, गेणभाऊनं त्याला घट्ट आवळला, दोन म्हातारे लहान पोरांसारखे गोल फिरले. मग गफूरला खिशातून कर्रकन आवाज ऐकू आला.

तो एकदम थांबला. वळून बघतो तर जुन्नरच्या साती पोरी, कंबरेवर हात ठेवून, घामानं भिजलेल्या, त्याच्याकडं बघत उभ्या. मागं उज्ज्वलाबाई. त्याच्याही मागं अमिरुन्निसा, शेंगदाणे खात.

“मामा,” जया म्हणाली, “आपन हरलो.”

“व्हय.”

“आन् तुमी नाचताय.”

“व्हय गं.” त्यानं खिशात हात घातला आणि लाल तुकडे मुठीत काढून दाखवले. तोंड पडलेलं. “वाढल्या.”

जयानं तुकड्यांकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि तिला हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून, आणि तिच्याबरोबर सगळ्याच हसायला लागल्या. तिनं आपले ते दोन्ही दणकट हात त्याच्यापुढं धरले.

“पुन्यांदा मागवा आन् भरा. आन् वरची एक इसरायची न्हाई.”

गफूरनं पलीकडं बघितलं. अवसरीच्या पोरींनी वृषालीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती तिथूनच त्याला हात हलवत होती.

“आता कुठली वरची?” तो म्हणाला. “ती तर वृषाली घेऊन गेली की!”